पहिल्या मासिक सभेला जाण्याआधी

ग्रामपंचायतीवर निवडून आलात, गुलाल धुतला, आता मासिक सभेची नोटीस हातात. मीही असाच गेलो होतो, कडक इस्त्री करून. शिपायाने प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, पुढे सरकवलं, "सही करा, चहा येतोय." हजेरीची सही समजून केली. दोन महिन्यांनी पानं चाळली तर त्याच सभेखाली पेव्हर ब्लॉकचा ठराव, सूचक म्हणून माझंच नाव! त्या दिवशी तो विषय निघालासुद्धा नव्हता. विचारायला गेलो तर उत्तर आलं, "सही तुमचीच आहे ना?"

म्हणून सांगतो, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय झोपेत घालवू नका. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. आमच्याकडे तो "वाचलं, मंजूर" एवढ्यात उरकायचा. तुम्ही म्हणा, मोठ्याने वाचा. चुकीचं असेल तर तिथेच विरोध नोंदवायला लावा. पहिल्यांदा सगळे हसतील. हसू द्या.

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगात आपल्या राज्यात ८० टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला आला, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दहा-दहा. पण २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. प्रत्येक सदस्याला हवा असतो आपल्या वॉर्डात सिमेंटचा रस्ता, आणि मोकळा उरायचा ४० टक्के. खरी ओढाताण तेवढ्यावरच. मग गटाराला 'सांडपाणी व्यवस्थापन' म्हणायचं आणि आपल्या गल्लीत न्यायचं. (हे मीही केलंय, खोटं कशाला बोलू.)

काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर मासिक सभेत घसा फोडून उपयोग नाही. आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि ग्रामसभेच्या आदल्या रात्री पारावर. तेव्हा पारावर बसायला शिका.

सरपंच थेट जनतेतून ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, हे आता नेहमीचंच. तिथे कामं अडवून कोणाचंच भलं होत नाही, पण अडवतात. बिल निघतं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) डिजिटल सहीने. आमच्या सरपंचताईंचा डोंगल, म्हणजे ही सही असलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा, कित्येक महिने कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तो कुणाच्या खिशात आहे, यावरून गावचा खरा कारभारी कळतो.

कुठल्या कामावर किती खर्च पडला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कोणालाही दिसतं. एकदा मी तो आकडा आणि अंदाजपत्रक घेऊन आमच्या गल्लीतलं गटार मोजायला निघालो. एम.बी.त, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, लिहिलेल्या लांबीपेक्षा ते अकरा मीटर कमी भरलं. टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचे काका आले होते. पुढच्या निवडणुकीत तेच माझ्याविरुद्ध उभे राहिले, आणि प्रचारात गटाराचा हिशेब त्यांनीच सांगितला.