माळ्यावरचा मोडी कागद दिवाळीच्या आत कसा वाचावा

‘यंदा मोडी, म्हणजे मराठीची जुनी धावती लिपी, शिकायची’ असा संकल्प मी लागोपाठ तीन गुढीपाडव्यांना सोडला. पहिल्या वर्षी बोरू आणि दौत आणली, दुसऱ्या वर्षी अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला, तिसऱ्या वर्षी तक्त्यावरची धूळ पुसली. चौथ्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं गहाणखत सापडलं आणि ठरलं: हा एक कागद दिवाळीच्या आत वाचायचा. तो वाचून झाला. कसा, ते सांगतो. मोडीच्या जागी पेटी, पोहणं किंवा कर्जफेड घातली तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

एकच कागद उचला

‘मोडी शिकणं’ कधी संपतं? कुणालाच सांगता येणार नाही. अडतीस ओळींचा कागद मात्र अडतिसाव्या ओळीला संपतो. म्हणून ध्येय असं धरा की झालं की नाही, ते घरातलं पोरसुद्धा सांगू शकेल.

त्यामागे स्वतःचा एखादा प्रश्नही हवा. आमच्याकडे पणजोबांबद्दल दोन गोष्टी सांगतात: ते चार बुकं शिकलेले होते, आणि विहिरीपायी त्यांनी वावर गहाण टाकलं होतं. खरं काय, हे मला हवं होतं. ‘आपला वारसा जपला पाहिजे’ या भावनेवर मी तीन वर्षं काढली होती, तिचा फारसा जोर नव्हता.

पहिलाच कागद पेशवाईतला घेऊ नका. इंग्रजी अमदानीतल्या स्टँपपेपरवरच्या दस्तांचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो: लिहून घेणार, लिहून देणार, मौजे अमुक, साक्षीदार. साचा कळला की निम्मं ओळखीचं होतं.

मूळ कागद बाजूला ठेवा

फोटो काढा, मोठ्या आकारात छापून घ्या आणि त्यावरच पेन्सिल चालवा. मुळाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

दिवाळीपासून मागे मोजा

पाडवा ते दिवाळी साधारण सात महिने, म्हणजे तीस आठवडे. पहिले आठ बाराखडीला दिले, कारण मोडीत काना-मात्रा लागल्यावर अक्षराचं रूपच बदलतं आणि नुसती मुळाक्षरं पाठ करून भागत नाही. उरले बावीस. आठवड्याला दोन ओळी धरल्या तर अडतीस ओळींना एकोणीस आठवडे लागतात. तीन आठवडे शिल्लक राहिले, ते मुद्दाम मोकळे ठेवले. लग्नसराई, पाहुणे, ताप हे सगळं येणारच असतं.

आठवड्याला दोनच ओळी ऐकून बायको हसली होती. पण मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत हात शक्यतो न उचलता धावायचं, ही तिची रीत. शब्द कुठे तुटतो, ते अर्थावरून आपणच ठरवायचं. एका ‘बिन’वर माझे चार दिवस गेले. ‘तुकोजी बिन राणोजी’मधला तो ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’. मी ‘राणोजीशिवाय’ असं काहीतरी लावत बसलो होतो.

वेळ चहाला बांधा

सकाळच्या चहानंतर वीस मिनिटं, त्याच खुर्चीत. रविवारी दोन तास बसण्याचा प्रयोगही केला. तिसऱ्या रविवारी गारद झालो.

हिशेब ओळींचा ठेवा, किती वेळ बसलात याचा नको. मी दोन वह्या केल्या: एकीत लागलेल्या ओळी, दुसरीत अडलेली अक्षरं, कागदावर दिसतात तशीच काढलेली. दुसरी वहीच खरी गुरू ठरली. लिहिणाऱ्याच्या हाताची लकब एकदा कळली की तेच अक्षर पुढे दहा ठिकाणी सुटतं.

खाडा पडला तर भरून काढायला धावू नका. शेवटची लागलेली ओळ पुन्हा वाचा आणि तिथूनच पुढे जा. मे महिन्यात माझे अठरा दिवस बुडाले. मोकळे आठवडे कामी आले.

दाखवायला माणूस शोधा

चारचौघांत जाहीर करण्यापेक्षा चुका दाखवणारा एक जाणकार गाठा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास संस्था मोडीचे वर्ग घेतात, तिथे ओळखी होतात. मला तिथेच एक निवृत्त तलाठी काका भेटले. महिन्यातून एकदा वही घेऊन जायचो, ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, ‘इथे तुम्ही कागद वाचला नाहीत, तुम्हाला हवं ते वाचलंत.’ कागद जमिनीच्या सरकारी कामाला लागणार असेल, तर मात्र लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या.

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. आमच्या कागदावरचा शके १८२० म्हणजे १८९८. विहिरीची गोष्ट खरी निघाली, नवव्या ओळीतच. शेवटच्या दोन ओळी वसुबारसेला लागल्या. पणजोबांच्या नावापुढे सही नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘निशाणी नांगर’, आणि शेजारी कुणीतरी छोटासा नांगर काढला होता.