घरी बांधलेल्या कॉम्प्रेसरचे कॅलिब्रेशन: या चुका टाळा

कॉम्प्रेसर (आवाजातले मोठे चढउतार आपोआप दाबणारे यंत्र) बांधून झाला, दिवा लागला आणि आवाज या टोकाकडून त्या टोकाला पोहोचला, की नवशिक्याच्या हातात लगेच बारीक स्क्रू-ड्रायव्हर येतो आणि बोर्डावरचा प्रत्येक ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रोध) एकदा तरी फिरवून पाहिला जातो. त्यानंतर 'सर्किट बिघडले आहे, आता काय करू?' हा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या टेबलावर आलेल्या अशा पेट्यांपैकी बहुतेकींचे सर्किट ठणठणीत होते; चुकलेले असे ते मोजमाप, किंवा मोजमापाचा क्रम. पुढचे विवेचन मुख्यतः 1176 या स्टुडिओ कॉम्प्रेसरच्या धाटणीच्या, म्हणजे फेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने गेन (सिग्नलची वाढ) कमी करणाऱ्या कॉम्प्रेसरविषयी आहे. 1967 साली आलेल्या त्या यंत्राची रचना घरी बांधणाऱ्यांना अजूनही खुणावते आणि तितकीच छळतेही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मल्टीमीटरवरचा आंधळा विश्वास. साध्या मल्टीमीटरची एसी रेंज घरातल्या विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची वारंवारिता डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. कित्येक मीटर 400 हर्ट्झपर्यंतच अचूकतेची हमी देतात, आणि आपण मात्र 1 किलोहर्ट्झचा टोन देऊन त्या आकड्यावर संपूर्ण यंत्र उभे करतो. मी स्वतः हेच केले होते. 0 व्हीयू (पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचे शून्य) म्हणजे +4 डीबीयू (व्होल्टेजच्या पातळीचे एकक), म्हणजे 1.228 व्होल्ट, हे पाठ होते; मल्टीमीटरवर 1.23 दिसेपर्यंत आउटपुट वाढवला, त्या ठिकाणी व्हीयू मीटरचा काटा शून्यावर आणला आणि समाधानाने झाकण लावले. रेकॉर्डिंग करताना मात्र पुढच्या यंत्रावर पातळी दर वेळी 2 डीबीने (डेसिबलने) जास्त येऊ लागली. दोष आउटपुट स्टेजमध्येच असणार, असे मी ठरवून टाकले. दोन ट्रान्झिस्टर बदलले, एक रेझिस्टर तीनदा काढून लावला, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर पीसीबीवरचा तांब्याचा पॅडही उखडून आला. दोन रविवार असे वाया गेल्यावर कॉम्प्रेसर बाजूला ठेवून साउंड कार्डमधून येणारा टोन थेट मल्टीमीटरला दिला. 200 हर्ट्झला मीटर 1.23 व्होल्ट दाखवत होता, आणि पातळीला हात न लावता 1 किलोहर्ट्झ दिल्यावर 0.97. म्हणजे जेव्हा मीटर 1.23 म्हणत होता, तेव्हा प्रत्यक्षात जवळजवळ 1.56 व्होल्ट बाहेर पडत होते. आउटपुट स्टेज पहिल्या दिवसापासून निर्दोष होता.

तेव्हापासून नवा मीटर हातात आला, की 50, 100, 200, 400 आणि 1000 हर्ट्झला तो काय दाखवतो याचा कागद करून मीटरच्या पाठीला चिकटवतो. मीटर 1 किलोहर्ट्झला घसरत असेल, तर पातळी 200 हर्ट्झला लावावी. दोन पातळ्यांमधला फरक मोजताना, वारंवारिता तीच असेल तर ही घसरण बऱ्याच अंशी छेदून जाते, कारण दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खोटे असतात. 1 डीबीची घट म्हणजे आकडा 0.891 पट होणे आणि 10 डीबीची घट म्हणजे 0.316 पट होणे, एवढे दोन गुणक लिहून ठेवले तरी निम्मे काम भागते.

दुसरी चूक क्यू-बायसची, म्हणजे फेटच्या विश्रांतीच्या व्होल्टेजची आहे, आणि ती निव्वळ अधीरतेतून होते. या रचनेत फेट हा सिग्नलला जमिनीकडे वळवणारा बदलता रोध असतो. विश्रांतीच्या स्थितीत तो बंद, पण बंद होण्याच्या अगदी काठावर हवा. त्यासाठी कॉम्प्रेशन निष्क्रिय ठेवून टोन द्यायचा, ट्रिमर फेट पूर्ण बंद होईल त्या टोकाला न्यायचा, आउटपुटची नोंद करायची आणि मग पातळी 1 डीबीने उतरेपर्यंत ट्रिमर हळूहळू उलट फिरवायचा. फेट गरजेपेक्षा जास्त बंद राहिला, तर कंट्रोल व्होल्टेजचा सुरुवातीचा भाग त्याला जागे करण्यातच खर्च होतो आणि कॉम्प्रेशन उशिरा, धक्क्याने सुरू होते. तो जास्त उघडा राहिला, तर सिग्नल काही न करताच दबलेला व किंचित मळलेला निघतो. फेटचा हा काठ तापमानाबरोबर सरकतो. यंत्र चालू केल्यावर पाच मिनिटांनी, झाकण उघडे ठेवून लावलेला बायस झाकण बंद झाल्यावर तसाच राहील, ही अपेक्षा चुकीची आहे. मी अर्धा-पाऊण तास झाकण लावून यंत्र तापू देतो आणि ट्रिमरच्या बरोबर वर झाकणाला पाडलेल्या भोकातून प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर घालून बायस लावतो. झाकणाला भोक पाडणे अनेकांच्या जिवावर येते. मला ते दर महिन्याला झाकण उघडण्यापेक्षा बरे वाटते.

क्रमही पाळावा: आधी वीजपुरवठ्याचे व्होल्टेज, मग क्यू-बायस, मग यंत्राच्या काट्याच्या मीटरचे शून्य, आणि शेवटी 10 डीबी गेन रिडक्शनला (गेन तेवढा घटल्यावर) काटा खरोखर 10 वर येतो का, याची तपासणी. मीटरचे शून्य आधी लावले, तर बायस हलवताच तेही हलते. मग माणूस दोन ट्रिमरांमध्ये संध्याकाळभर फेऱ्या मारत राहतो आणि दोष मीटरला देतो.

वीजपुरवठ्याविषयी एवढेच सांगतो की 7815 आणि 7915 (अनुक्रमे +15 आणि -15 व्होल्ट देणारे रेग्युलेटर) ही जुळी भावंडे नव्हेत. 7815 मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा पायांचा क्रम असतो, तर 7915 मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय 7915 ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे अभ्रकाचा तुकडा किंवा इन्सुलेटिंग पॅड न घालता ती चॅसीवर आवळली, तर शॉर्ट ठरलेलाच. पहिल्यांदा वीज देताना तापतारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला, तर यंत्र बंद करून चूक शोधावी. 'थोडा वेळ बघू' म्हणू नये.

काही तक्रारी मुळात बिघाडाच्या नसतातच. अटॅकचे (आवाज दाबायला लागणाऱ्या वेळेचे) बटण उजवीकडे फिरवल्यावर वेग वाढतो, ही वायरिंगची चूक नसून मूळ यंत्राचीच पद्धत आहे. 'अटॅक बदलला तरी फरक कळत नाही' या तक्रारीचे कारणही साधे आहे: 1176 चा अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे सर्वांत संथ जागीही तो एका मिलिसेकंदाच्या आतच संपतो. अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही सर्वांत जलद ठेवून खर्जातला आवाज दिला, की तो फाटतो. 50 हर्ट्झच्या एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात आणि सर्वांत जलद रिलीज 50 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे गेन प्रत्येक आवर्तनात खाली-वर होत राहतो. रिलीज सावकाश करून आवाज स्वच्छ झाला, तर सोल्डरिंग गन खाली ठेवावी.

स्वच्छ झाला नाही, तर फेटच्या ड्रेन या पायापासून गेट या पायाकडे जाणारे दोन समान रेझिस्टर तपासावेत. ड्रेनवरचा निम्मा सिग्नल गेटला मिळाला नाही, तर दुसऱ्या हार्मोनिकची (दुप्पट वारंवारितेच्या सुराची) विकृती वाढते. रंगपट्ट्यांवर विसंबून बसवलेला चुकीचा रेझिस्टर मी याच जागी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. फेटच्या पायांचा क्रम क्रमांकानुसार आणि कधी कधी उत्पादकानुसारही बदलतो, म्हणून डेटाशीट पाहिल्याशिवाय पर्यायी फेट बसवू नये.

इनपुट काहीच नसताना गेन रिडक्शनचा काटा हलत असेल, तर साइडचेनमध्ये (फेटला चालवणाऱ्या सर्किटमध्ये) ऑसिलेशनची, म्हणजे सर्किट आपोआप कंप पावत असल्याची शंका घ्यावी. काटा मुळीच हलत नसेल, तर रेक्टिफायरचा डायोड उलटा आहे का, ते पाहावे.

रिलीज प्रत्येक वेळी वेगळा वाटत असेल, तर पीसीबीवरचा फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर) पुसावा. टायमिंगच्या कपॅसिटरभोवती रोध मोठे असतात आणि चिकट फ्लक्समधून होणारी गळतीही तिथे पुरेशी ठरते. फ्लक्स पुसणे हे शोभेचे काम समजून टाळणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्यांच्यासमोर आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि जुना टूथब्रश ठेवतो.

ट्रिमर फिरवण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांपासून मधल्या पायापर्यंतचा रोध यंत्र बंद ठेवून मोजून वहीत लिहावा. बोर्डावरचे इतर भाग समांतर असल्याने आकडा शुद्ध नसतो, पण त्याच जागी परत येण्यास पुरतो. सगळे जुळल्यावर मी यंत्र आठवडाभर रोजच्या कामात वापरतो, पुन्हा एकदा तापवून बायस व शून्य तपासतो, आणि ते हलले नसतील तरच ट्रिमरच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकतो.