सुधारणा कागदावर नको, यंत्रावर दिसू दे

गोव्यात वेर्णा, कुंडई किंवा मडकईच्या कारखान्यात पावसाळ्यात हँड ग्राइंडरचा शॉक बसला की अपघातांच्या रजिस्टरमध्ये सुधारणा म्हणून हमखास एक ओळ पडते: ‘कामगारांना समज दिली.’ ही सुधारणा नव्हे. केबलचं फाटलेलं आवरण आणि ओली फरशी दोन्ही तशीच राहतात.

नोंद अशी करा: ‘शेड २ मधल्या तिन्ही सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे, फाटकी केबल बदलणे.’ (आरसीसीबी म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच.) पुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख. ‘मेंटेनन्स विभाग’ असं लिहिलंत तर काम कुणाचंच राहत नाही. माल यायला पंधरा दिवस लागणार असतील तर तोवर ग्राइंडर कुलपात ठेवा. हा तात्पुरता उपायही लिहा. चतुर्थीच्या सुट्टीत मुदत संपत असेल तर ती आधीची धरा.

खरी चूक होते ती नोंद बंद करताना. बिल आलं, फोटो लावला, झालं! तसं करू नका. ज्याने काम केलं त्याने नोंद बंद करायची नाही. दुसऱ्याने जागेवर जाऊन पाहावं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो ट्रिप होतो, म्हणजे वीज तोडतो का बघा. पण बटणाने फक्त आतली यंत्रणा कळते, अर्थिंग नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी तपासायचा टेस्टर लावून घ्या. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला आरसीसीबी ३०० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप व्हायला हवा.

महिन्याने परत जा. वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याला बगल देऊन थेट वायर जोडलेली असू शकते. तशी सापडली तर ओरडू नका, गळती कुठे आहे ते शोधा.