मागच्या ॲक्सलचा आवाज आणि थरथर ओळखताना

पावसाळ्यात पऱ्या (छोटा ओढा) ओलांडणारी जीप ठरावीक वेगालाच थरथरत असेल, तर आधी रिमच्या आत सुकलेला जांभ्याचा चिखल खरवडून काढावा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. घुमणारा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने बदलत असेल तर संशय डिफरन्शियलवर (ॲक्सलच्या मधोमध असलेल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचावर) घ्यावा, वळणावर एका बाजूला भार पडताच वाढत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर. गिअर टाकताच ‘टक्’ होत असेल, तर इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा, हाताने हलवून पाहावा.

तापलेला ॲक्सल पाण्यात शिरून थंड होताना ब्रीदर (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी) तुंबलेला असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते, आणि खाडीचे खारे पाणी तर बेअरिंगला गंजवतेच. म्हणून ॲक्सलमधले तेल काढून पाहावे, दुधाळ दिसल्यास लगेच बदलावे आणि त्यात धातूचे टोचणारे कण सापडले तर डिफरन्शियल उघडावाच.