बोकडाचं हार्ट घरी कापून आपलं हृदय कसं समजून घ्यायचं

पुस्तकातली लाल-निळी आकृती पाठ करून माझ्या दहावीतल्या भाचीला काही कळेना, म्हणून रविवारी मटणवाल्याकडून एक आख्खं हार्टच आणलं. तिथे काळीज मागू नका, लिव्हर हातात पडेल. हार्ट म्हणा, आणि चिरा न देता वरच्या नळ्यांसकट द्या हे आधीच सांगा, कारण त्यांचा सुरा सवयीने चालतो, आमचं पहिलं तसंच वाया गेलं. बोकडाचं आपल्यापेक्षा लहान असतं पण कप्पे चारच आणि झडपाही चारच.

नळाखाली धुवा, आतल्या गुठळ्या बोटाने काढा. मग दाबून बघा. लिबलिबीत लागते ती उजवी बाजू, घट्ट ती डावी, आणि खालचं टोकही डाव्याचंच. समोर ठेवल्यावर त्याची डावी तुमच्या उजव्या हाताला येते, समोर बसलेल्या माणसासारखी, इथे सगळेच गंडतात.

सगळ्यात जाड पांढरी, रबरासारखी नळी म्हणजे महाधमनी. कापायच्या आधी तिच्यात हळूच पाणी ओता. पाणी आत न जाता नळीतच थांबायला बघतं, कारण तळाशी तीन खिशांची झडप आहे, खिसे पाण्याने फुगतात आणि वाट बंद. लब-डबमधला डब ही आणि फुफ्फुसाकडच्या नळीतली अशी दोन झडपा मिटल्याचा, आणि लब वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपांचा.

आता दोन्ही बाजू बाहेरच्या कडेने वरपासून खालपर्यंत उभ्या चिरा आणि भिंती शेजारी धरा. डावी साधारण तिप्पट जाड! रक्त दोघी सारखंच ढकलतात, माणसात ठोक्याला 70 मिली म्हणजे मिनिटाला जवळपास 5 लिटर, पण उजवीला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच पोचवायचं तर 25 च्या आसपास प्रेशर पुरतं, डावीला टाळूपासून तळव्यापर्यंत, म्हणून बीपीचा तो 120.

आत पांढऱ्या दोऱ्या दिसतील, एक ओढून बघा, सहज तुटत नाही. या दोऱ्या झडप उघडतात असं भाचीला वाटलं होतं (खरं सांगायचं तर मलाही). उघडतं रक्तच, दोऱ्या फक्त पावसात छत्री उलटी होते तशी झडप वर उलटू देत नाहीत.

शेवटी महाधमनी उभी चिरा. झडपेच्या जरा वर दोन बारीक भोकं सापडतील, त्यात टूथपिक घाला, ती थेट हृदयाच्या भिंतीवरच्या नसेत शिरते. आत एवढं रक्त खेळत असून हृदय स्वतःचं रक्त या दोन भोकांतूनच घेतं, आणि काकांना ब्लॉकेज निघालं म्हणतात ते याच नळ्यांत.

सुरी-पाट आधीच स्वच्छ घेतले होते त्यामुळे नंतर कांद्यावर परतलं, भाची मात्र वरणभात जेवली.