ॲपवरचा तानपुरा हुबेहूब वाजतो, मग खरा कशाला लावायचा (आणि कसा)

गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडतोच, की मोबाईलवर इतका सुरेल तानपुरा वाजतोय, पट्टी एका बोटाने बदलते, तार तुटत नाही, मग एवढं मोठं वाद्य घरात ठेवायचं कशाला.

आधी एक टेस्ट करा. चांगला स्पीकर घ्या, घरातल्या कुणाला तरी मागे बसवा, त्याने कधी ॲप लावायचं कधी खरा छेडायचा, आणि तुम्ही न बघता ओळखायचं. मी केली, बऱ्याचदा चुकलो. चांगल्या ॲपमध्ये खऱ्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग असतं, त्यामुळे ‘खऱ्याचा आवाजच वेगळा’ हे कारण मी देत नाही. उद्या आवाजात तसूभर फरक राहिला नाही तरी मी खराच लावेन, कारण कान तयार होतो तो तानपुरा लावताना, म्हणजे त्याच्या तारा सुरात जुळवताना, नुसता ऐकताना तेवढा नाही.

तर लावायचा कसा. पहिली तार पंचमाची (प), मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे एकाच सा च्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. सुरुवात जोडापासून. समजा तुमची पट्टी काळी एक आहे, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा तुमचा सा, तर पेटीवर तो सा एकदाच ऐका आणि पेटी बंद करा, उघडी राहिली की तिच्याकडेच कान जातो. एक जोड खुंटीने जवळ आणा, मग तारेतला मणी हळूहळू सरकवून नेमका लावा. आता दुसरा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात हेलकावे ऐकू येतील, दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर दर सेकंदाला एक हेलकावा. तार जुळत आली की हे हेलकावे लांबत जातात, आणि मग एका क्षणी दोन तारांची एकच तार होते. तो क्षण तुम्ही स्वतः आणलेला असतो, ॲपमध्ये तो आधीच होऊन गेलेला असतो. नवीन असाल तर याला अर्धा तासही लागेल, लागू दे, हा रियाजच आहे.

मग खर्ज, मग पंचम. राग मारव्यासारखा पंचम नसलेला असेल तर पहिली तार निषादाला लावतात, मालकंसाला मध्यमाला. खुंटी घसरत असेल तर थोडा खडू लावा.

आता जवारीचा दोरा. जवारी म्हणजे तारेचा तो खुलून घुमणारा नाद. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली तो केसाएवढा पुढेमागे केला की एका जागी तार एकदम उमलते. तिथे थांबा, खर्ज छेडा आणि डोळे मिटा. कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येईल. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर, याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि पेटीतला गंधार याच्यापेक्षा थोडा चढा असतो. हा एकदा कानात बसला की गळा आपोआप तिकडे जातो.

छेडताना पंचम मधल्या बोटाने, बाकी तीन तर्जनीने, ओढायचं नाही, बोट नुसतं तारेवरून उतरू द्यायचं.

वाद्य घेणार असाल तर मिरजेला स्वतः जा. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून दीडेकशे वर्षांपूर्वी ही कला उभी केली, भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. घोडी घासून जवारी काढणारा कारीगर कानाने काम करतो, तो राहिला नाही तर उद्या ॲपवाले रेकॉर्डिंग कशाचं करणार, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रवासात, हॉस्टेलवर किंवा परदेशात असाल तर ॲप बिनधास्त वापरा, मीही वापरतो. फक्त सुरू करायच्या आधी सा स्वतः गा, मनाने धरलेला, आणि तो लांबवत ठेवूनच बटण दाबा. किती चुकलात ते लगेच कळेल. मग बंद करून पुन्हा.