फोनवरून समुपदेशन घ्यायचंय? आधी घरात एक कोपरा शोधा

आमचं घर कोल्हापुरात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, मी पतसंस्थेत कॅशला बसते. गेल्या जूनपासून मी फोनवरून समुपदेशन घेते. ओळखीच्या तीन-चार जणींनी हळूच विचारलं, नेमकं काय करायचं असतं? त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी जागा. समुपदेशक कोण शोधायचा हे सगळे सांगतात, पण बोलायचं कुठे बसून हे कुणी सांगत नाही. माझं पहिलं सत्र मी आतल्या खोलीत दार लोटून घेतलं. दहा मिनिटं झाली असतील, सासूबाई आत आल्या, "अगं, हिंगाची डबी कुठे ठेवलीस?" त्या लगेच गेल्याही, पण पुढची चाळीस मिनिटं मी त्यांना ऐकू गेलं तरी चालेल एवढंच बोलले. ज्यासाठी फोन केला होता ते तोंडातून निघालंच नाही.

नंतर मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसायला लागले. पावसाळ्यात तेही बंद झालं, तेव्हा शाखाधिकाऱ्यांना सरळ सांगितलं, "एक आड एक गुरुवारी साडेपाच ते साडेसहा मला रेकॉर्ड रूम लागेल, डॉक्टरांशी बोलायचं असतं." त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. तुमच्याकडे मैत्रिणीचं रिकामं घर असेल, पार्किंगमधली गाडी असेल, देवळामागचा पार असेल. जिथे पाऊण तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा ठरल्याशिवाय वेळ बुक करू नका. इअरफोन वायरचा घ्या, मधेच चार्जिंग संपत नाही. समुपदेशकाशी एक खुणेचं वाक्यही ठरवून ठेवा. मी "लाइट बिल भरलंय" म्हटलं की माझ्या समुपदेशक मॅडमना कळतं, कुणीतरी आलंय. मग त्या फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारतात.

आता माणूस कसा निवडायचा. औषध लागणार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्र शिकून बोलण्यातून उपचार करणारे, औषध देत नाहीत, पण त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नंबर मागा, चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक ही पाटी मात्र थोडा कोर्स करूनही लावता येते, म्हणून शिक्षण काय, किती वर्षं काम केलंय, मुलांसोबत केलंय का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या. भाषेचंही विचारा. मी सुरुवातीला एका अ‍ॅपवरून बोलले होते. तिथल्या बाईंनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही आणि वर म्हणाल्या, "आईने एवढं सोसायलाच हवं." मी फोन ठेवला आणि दोन महिने कुणाशी बोलले नाही. ते दोन महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. एकाशी जमलं नाही तर लगेच दुसरा शोधा. आताच्या मॅडम पन्नास मिनिटांचे हजार रुपये घेतात. मी पंधरा दिवसांतून एकदा बोलते, तेवढं आम्हाला झेपतं.

पैशाची अडचण असेल तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते. १४४१६ लावायचा आणि मराठी निवडायची. आजार मोठाच असायला हवा असं काही नाही. झोप लागत नाही, घरात रोज भांडण होतं, मुलाच्या परीक्षेचं टेन्शन आहे, एवढ्यासाठीही फोन करता येतो.

पहिल्या सत्रात काय बोलायचं, यावर मी सगळ्यात जास्त अडले होते. लग्नापासूनची सगळी कहाणी सांगायला बसलं की वेळ संपतो आणि डोकं जास्तच जड होतं. एकच प्रसंग न्या, शक्यतो याच आठवड्यातला. मी डब्याचा नेला. मुलीचा डबा भरलेला परत आला होता. झाकण उघडलं तर मेथीची भाजी तशीच, तेल सुटून पोळीला लागलेलं. मी ओरडले, ती रडत आत गेली, सासूबाई मधे पडल्या, मग मी त्यांनाही बोलले. मॅडमनी विचारलं, "डबा उघडला तेव्हा तुमचे हात काय करत होते?" मला वाटलं, हा काय प्रश्न. मग आठवलं. ओट्याचं फडकं मी इतकं घट्ट पिळत होते की बोटं पांढरी झाली होती. आणि ते मी डबा उघडायच्या आधीपासून करत होते.

तिथून पुढचं काम सुरू झालं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तीन रकाने आखले: वेळ, काय झालं, अंगात काय जाणवलं. रोज दोन-तीन ओळी, जास्त नाही. दोन आठवड्यांनी वही समोर ठेवली तर ओरडण्याचे पाच प्रसंग होते आणि त्यातले चार कॅश न जुळल्याने उशीर झालेल्या दिवसांचे. भाजीचा त्याच्याशी संबंधच नव्हता. आता कॅश लांबली की मी घरात शिरण्याआधी गाडी लावून खाली दहा मिनिटं बसते. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय, "आल्याआल्या मला काही विचारू नका, चहा झाला की मी सगळं बोलते." त्यांनी हे किती सहज मान्य केलं याचं मला नवल वाटलं. वही लिहिलीत तरच फोनवरच्या समुपदेशनाला अर्थ आहे असं माझं ठाम मत आहे, कारण मॅडमना आपलं घर दिसत नसतं. त्यांच्यापर्यंत वहीतलंच पोचतं.

घरात मारहाण होत असेल तर मात्र घरातून व्हिडिओ कॉल करू नका, ऐकलं जाण्याचा धोका असतो. बाहेर पडून महिलांसाठीची १८१ लावा, तातडीचं असेल तर ११२. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या सत्राची वाट न बघता १४४१६ लावा किंवा जवळच्या दवाखान्यात जा. म्हणूनच समुपदेशक सुरुवातीला तुमचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागतात. मी आधी द्यायला कचरले होते, तुम्ही देऊन टाका.

मुलांना बोलायला लावायचं असेल तर फसवून फोन हातात देऊ नका. मी मुलीला म्हटलं, "मी एका मॅडमशी बोलते, मला बरं वाटतं. तुला हवं तर तूही बोल." तिने महिनाभराने हो म्हटलं. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, ती मी दिली. मॅडमनी आम्हा दोघींना एकत्र सांगितलं की तिच्या जिवाला धोका असेल तरच त्या मला कळवतील, बाकी तिचं बोलणं तिचंच राहील. पहिल्या दिवशी "काय बोललीस?" हे माझ्या ओठावर आलं होतं, पण मी पोहे केले आणि गप्प बसले.

आता महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी टाकीमागची जागा तिची असते. मी जिन्यात खालच्या पायरीवर शेंगा निवडत बसते आणि वाळवण बघायला सासूबाई वर निघाल्या की त्यांना म्हणते, "आत्ता नको, अर्ध्या तासाने जाऊ या."